खोली शोधायला पंधरा दिवस तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या याद्या लागल्या की मोठ्या शहरात एक दृश्य हमखास दिसतं. पाठीला सॅक, हातात चाक निखळलेली बॅग, मोबाइलवर उघडलेला पत्ता आणि पाचव्यांदा त्याच गल्लीत शिरणारी मुलं-मुली. तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्यातच होते. आज इतिहासात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्या चौथ्या खोलीत राहते. मधल्या काळात नव्याने आलेल्या मुलींबरोबर जाऊन मी साठेक खोल्या बघितल्या असतील. प्रत्येक खोलीची नोंद एका दोनशे पानी वहीत केली आहे. हे पत्र त्या वहीच्या भरवशावर लिहिते आहे.

विद्यार्थ्यांच्या राहण्याचा विषय निघाला की बोलणं भाड्यावर येऊन थांबतं. भाडं जास्त आहे हे खरंच, त्याबद्दल दुमत नाही. पण माझी वही चाळताना मला वेगळंच जाणवतं. नाडला गेलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पैशाआधी वेळेला नाडलेला असतो. प्रवेश पक्का होतो आणि आठ-दहा दिवसांत वर्ग सुरू होतात. तेवढ्याच दिवसांत सगळे एकदम खोल्या शोधतात. आज रात्री पाठ कुठे टेकायची हे ज्याला ठाऊक नाही, तो कुठल्याही कागदावर सही करतो. घरमालकाला हे कळतं, एजंटला तर आपल्या चेहऱ्याकडे बघूनच कळतं.

माझंच सांगते. वर्ग सुरू व्हायला अकरा दिवस होते आणि वसतिगृहाच्या यादीत माझं नाव नव्हतं. पहिले चार दिवस लांबच्या नातलगांकडे काढले. दोन रात्री बाबांच्या एका मित्राच्या घरी. एक रात्र वसतिगृहातल्या एका अनोळखी मुलीने मला तिच्या खोलीत घेतलं, वॉर्डनना न कळवता. तिचे उपकार मी विसरणार नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, एजंटने एक खोली दाखवली. ट्यूबलाइटच्या उजेडात पांढऱ्याशुभ्र भिंती, नुकताच दिलेला रंग. वास एवढा होता की खिडकी उघडावीशी वाटली, पण खिडकीच्या निम्म्या भागावर लोखंडी कपाट उभं होतं. ते तिथे का ठेवलं असेल, हा प्रश्न मला पडला नाही. एजंट म्हणाला, “खाली अजून दोन पार्ट्या थांबल्यात.” मी तिथल्या तिथे टोकन दिलं. दोन दिवसांनी नऊ पानांचा करार पुढे आला, तेव्हा जिथे जिथे पेन्सिलची फुली होती तिथे तिथे सह्या केल्या.

पावसाने जोर धरला आणि कपाटामागून कोंदट वास येऊ लागला. रूममेट आणि मी मिळून कपाट ओढलं. भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत काळी पडली होती. रंगाचे पोपडे नखाने निघत होते आणि त्याखाली जुन्या, पिवळ्या डागांच्या कडा स्पष्ट दिसत होत्या, एकात एक, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या. म्हणजे ही ओल पहिल्यांदा आली नव्हती. दरवर्षी येत होती आणि दरवर्षी नव्या भाडेकरूच्या आधी तिच्यावर रंग चढत होता. कपाटाच्या मागे मी बी.ए.च्या नोट्सची पिशवी ठेवली होती. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. मला खोकला सुरू झाला तो दोन महिने गेला नाही. खोली सोडते म्हटलं तर करारात सहा महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे तोवर खोली सोडता येत नाही. सहा महिन्यांनी सोडली, तेव्हा “भिंत खराब केली” म्हणून रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. पहिल्या दिवशी भिंत कशी होती हे दाखवणारा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. त्या दिवशी मी वही घेतली.

तेव्हापासून खोली बघायला मी दिवसाउजेडीच जाते. आत गेल्यावर आधी कपाट, पलंग, पडदा यांच्या मागे बघते आणि तळहाताची मागची बाजू भिंतीला खालून, जमिनीजवळ लावते. ओल डोळ्यांआधी तिथे लागते. नळ सोडून पाणी किती जोरात येतं ते बघते. मोबाइलला रेंज आहे का बघते. विजेच्या बोर्डात एमसीबीच्या (जास्त भार आला की पडणारा खटका) बरोबरीने आरसीसीबी (वीज कुठे गळली की पडणारा खटका) आहे का हेही बघते. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. घरगुती आरसीसीबीवर बहुधा ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं आणि त्यावरचं ‘टी’ बटण दाबलं की तो खटकन पडायला हवा. पडला नाही तर तो नुसता शोभेला आहे. मालकाला आधी विचारून हे बटण दाबायला मी प्रत्येक मुलीला शिकवते.

पण एक खोली मला सगळ्यांत जास्त आठवते. प्रथम वर्षाच्या एका मुलीबरोबर गेले होते. खोली स्वच्छ, कोरडी, कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. मुलगी हरखून गेली होती. मी बाथरूमचं दार उघडलं. आत गॅस गिझर. वर छताजवळ हातभर लांबीची झडप होती आणि तिच्यावर आतून पुठ्ठा बसवून चारही बाजूंनी खाकी चिकटपट्टी लावलेली होती. “गार वारा येतो म्हणून आधीच्या मुलांनी लावलंय,” काकू म्हणाल्या. बंद जागेत गॅस जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गुंगी येते आणि धोका कळेपर्यंत कडी काढण्याइतकं त्राण उरत नाही. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. मी काकूंना पुठ्ठा काढायला सांगितलं, गिझर बाथरूमच्या बाहेर बसवता येईल का तेही विचारलं. त्यांना राग आला. मी त्या मुलीला म्हटलं, “ही नको.” ती जिन्यात बसून रडायला लागली. तिच्या बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये होत्या आणि बाबांची परतीची गाडी त्याच रात्रीची होती. मी सांगते ते तिला पटत होतं, पण ‘नको’ म्हणण्याएवढे दिवस तिच्या हातात नव्हते. त्या रात्री ती आमच्या खोलीत झोपली. सहाव्या दिवशी तिला चांगली खोली मिळाली. ते पाच-सहा दिवस ज्यांना कुणी देत नाही, त्यांचं काय होतं, या विचाराने मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

फोटो पाठवून पैसे उकळणाऱ्यांचाही सगळा धंदा या घाईवरच चालतो. “मी सध्या परदेशात आहे, अ‍ॅडव्हान्स पाठवा, किल्ली कुरिअरने येईल.” हे वाक्य मी कितीतरी जणींच्या मोबाइलवर वाचलं आहे, शब्दसुद्धा तेच असतात. तोच फोटो टाकून इंटरनेटवर शोध घेतला तर तेच घर तीन शहरांत तीन नावांनी निघतं. जिची रात्रीची सोय झालेली असते, ती मुलगी हा शोध घेते. जिची झालेली नसते ती पैसे पाठवून मोकळी होते आणि आठवडाभर घरी सांगत नाही.

घाईत घेतलेली दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. लांबची खोली स्वस्त पडते म्हणून मी दुसरी खोली कॉलेजपासून दीड तासावर घेतली होती. जाऊन-येऊन रोजचे तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे अठरा तास. एका विषयाच्या आठवड्याच्या तासिकांपेक्षा हा वेळ कितीतरी जास्त आहे. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं असायचं आणि मला शेवटच्या बसच्या धाकाने संध्याकाळीच उठावं लागायचं. भाड्यात वाचवलेलं मी अभ्यासातून भरलं. पण हे गणित खोली घेताना कुणी मांडून दाखवलं नव्हतं आणि स्वतः मांडायला सवड नव्हती.

करारांचंही तसंच. कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका कॉटचं भाडं भरून राहणाऱ्या मुलींना वाटतं, आपण आपल्या कॉटपुरत्या बांधील. माझ्या तिसऱ्या खोलीच्या करारात मात्र एक ओळ होती: सर्व भाडेकरू संपूर्ण रकमेस संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहतील. आमच्यातली एक मुलगी मधेच शिक्षण सोडून गेली, तेव्हा या ओळीचा अर्थ आम्हा दोघींना कळला. तिचा वाटा तीन महिने आम्ही भरला. ती ओळ बेकायदा नव्हती, कुणी फसवलंही नव्हतं. कुणीतरी सहीच्या आधी आमच्याशेजारी बसून ती वाचून दाखवायला हवी होती, एवढंच.

हे आजचंच दुखणं आहे असं मला वाटायचं. मग अभ्यासात मध्ययुगीन विद्यापीठं आली. आठशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बोलोन्यात शिकायला येणाऱ्यांना हाच त्रास होता. दुसऱ्याने आधीच घेतलेलं घर जास्त भाड्याचं आमिष दाखवून पळवायला शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मनाई होती आणि ११८९ मध्ये पोप क्लेमेंट तिसरे यांनी त्या मनाईवर शिक्कामोर्तब केलं. ऑक्सफर्डची गोष्ट याहून कठोर आहे. १२०९ मध्ये तिथे एका स्त्रीचा खून झाला. संशयित विद्यार्थी पळाला, तेव्हा त्याच्याबरोबर भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना पकडून फाशी दिली गेली. विद्यार्थी आणि शिक्षक शहर सोडून निघाले, त्यांतले काही केंब्रिजला गेले. १२१४ मध्ये तडजोड झाली. तिच्या अटींमध्ये एक अट अशी होती की विद्यार्थ्यांच्या घरांचं भाडं दहा वर्षं निम्मं राहील. १२३१ मध्ये पॅरिसच्या विद्यापीठाला तर असा अधिकार मिळाला की घरभाडी ठरवून घेण्याचा हक्क नाकारला गेल्यास शिकवणं बंद ठेवता येईल. विद्यार्थी कुठे राहतो हा शिक्षणाचाच भाग आहे, हे त्या काळच्या लोकांनाही समजत होतं.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? १९०१ पासून कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी एकामागून एक वसतिगृहं उभी केली, कारण नुसत्या शाळा काढून भागत नाही, खेड्यातल्या मुलाला रात्री झोपायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. कुणाला कुठल्या जातीमुळे जागा मिळत नाही हेही त्यांनी पाहिलं होतं. आज सव्वाशे वर्षांनी मी एखाद्या मुलीसाठी फोन करते आणि पलीकडून नावाआधी आडनाव विचारलं जातं. आडनाव सांगितल्यावर खोली “कालच गेली” असं कळतं. दुसऱ्या दिवशी मी माझं आडनाव सांगून फोन केला तर तीच खोली रिकामी असते. वहीत अशा खोल्यांसमोर मी लाल पेनाने खूण करते. त्या खुणा मोजायला मला नको वाटतं.

घरमालकांची बाजूही मला मांडायची आहे. बिलं थकवून रातोरात गेलेल्या मुलांच्या गोष्टी खोट्या नाहीत. माझ्या आताच्या घरमालकीण आजींना असा अनुभव दोनदा आला आहे. तरी त्यांनी मला किल्ली देण्याआधी काय केलं ते सांगते. दोन कागद घेतले, मधे कार्बन पेपर घातला आणि खोलीतली एकेक वस्तू माझ्याकडून लिहून घेतली. टेबलाचा पाय हलतो, आरशाच्या कोपऱ्याला तडा आहे, पंख्याचा रेग्युलेटर तीनवर अडकतो, सगळं. मग मला मीटरजवळ नेलं आणि आकड्याचा फोटो माझ्या मोबाइलवर काढायला लावला. खाली दोघींच्या सह्या. वीस मिनिटं गेली असतील. या दीड वर्षात आमच्यात पैशावरून एक शब्द झालेला नाही. ही वीस मिनिटं मला कुठल्याही मोठ्या कायद्याएवढी मोलाची वाटतात.

कायदे करणाऱ्यांनीही काही ठिकाणी साध्या गोष्टी केल्या आहेत. जर्मनीत घराचं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपलीकडे घेता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत भरता येतं. २०१५ पासून तिथे भाड्याच्या घरासाठी एजंटला जो बोलावतो त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असा नियम आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ पासून नेहमीच्या भाडेकरारांतलं डिपॉझिट सरकारमान्य योजनेच्या संरक्षणाखाली ठेवावं लागतं, त्यामुळे कापाकापीचा वाद झाला तर निवाडा तिसरा माणूस करतो. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावी एका वृद्धाश्रमात विद्यार्थी बिनभाड्याने राहतात, बदल्यात महिन्याला तीस तास तिथल्या आजी-आजोबांचे चांगले शेजारी होऊन द्यायचे. हे वाचताना मला माझ्या आजींची आठवण झाली. एकट्या राहणाऱ्या अशा किती घरांत एक खोली बंद असेल!

पण कायदे व्हायला वर्षं लागतात आणि नवी मुलं येत्या आठवड्यात येणार आहेत. म्हणून माझं मागणं लहान आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने बाहेरगावच्या नव्या विद्यार्थ्याला पहिले पंधरा दिवस तात्पुरती झोपायची जागा द्यावी. कायमचं वसतिगृह मागत नाही. सत्राच्या सुरुवातीला शेवटच्या वर्षाची कितीतरी मुलं आलेली नसतात, त्यांच्या खोल्या बंद असतात. अतिथिगृहं असतात, सभागृहं असतात. एक गादी, एक कुलूप लागणारं कपाट, स्वच्छतागृह आणि रात्री दाराशी माणूस. एवढ्यावर एखाद्या मुलीला कपाट ओढून भिंत बघण्याचं बळ येतं. त्याच पंधरा दिवसांत महाविद्यालयातल्या एका माणसाने, शिक्षक असो वा कारकून, टेबल मांडून मुलांचे करार वाचून द्यावेत. आणि विद्यार्थ्यांनी राहून सोडलेल्या खोल्यांची नोंदवही ठेवावी: ओल होती का, डिपॉझिट परत मिळालं का, किती दिवसांत मिळालं. ही माहिती दरवर्षी शेकडो मुलांच्या डोक्यात असते आणि पदवीबरोबर शहराबाहेर निघून जाते.

संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर खोल्यांच्या जाहिराती येतात. त्यांत भाड्याबरोबर डिपॉझिट किती, लॉक-इन किती महिन्यांचं आणि एजंटचे पैसे कुणी द्यायचे, या तीन गोष्टी छापणं सक्तीचं केलंत तर हजारो फोन आणि खेपा वाचतील. त्यासाठी दोन ओळी जास्त लागतील, पण आपण मनावर घेतलंत तर दुसरी वर्तमानपत्रंही घेतील.

माझ्या करारात पाहुण्याला दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवता येत नाही. येत्या शनिवारी एक मुलगी येते आहे, तिला मी अजून पाहिलेलं नाही, फक्त फोनवर बोललो आहोत. तिच्या वर्गाला नऊ दिवस आहेत. काल मी आजींकडे जाऊन तिला पंधरा दिवस राहू द्याल का विचारलं. त्या आत गेल्या, तोच कार्बन पेपर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “लिही. तारीख घाल.” गादी उन्हात टाकून ठेवली आहे.

आपली,
इतिहासाची एक विद्यार्थिनी
(नाव व पत्ता छापू नये, ही विनंती)